आमच्या गुरुजींवर स्मरणिका काढायची आहे, काय काय घालावं? जाणकारांनी सांगा

जांबोटी_फाटा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पलीकडं जंगलपट्ट्यात आमचं गाव, सध्या बेळगावात उद्यमबागला कामाला आहे. आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत ज्यांनी सगळी नोकरी काढली ते आमचे गुरुजी गेल्या महिन्यात वारले. नाव इथं टाकत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय ते बरोबर नाही. वर्षश्राद्धाच्या आत एक स्मरणिका काढायची असं आम्ही जुन्या पोरांनी ठरवलंय. पैशाची अडचण नाही, गोव्यात पुण्यात आहेत त्या सगळ्यांनी होय म्हटलंय. अडचण वेगळीच आहे. पहिल्या मीटिंगला जे लेख आले ते वाचून मला रात्री झोप लागेना, कारण सगळे सारखेच. ज्ञानदानाचं पवित्र कार्य, अज्ञानाचा अंधार दूर केला, दिव्यासारखे जळत राहिले... हे कुठल्याही गावच्या कुठल्याही मास्तरांवर छापलं तरी चालेल. आमचे गुरुजी त्यात कुठंच दिसत नाहीत.

आता गुरुजी कोण ते थोडं सांगतो. घर गरीब, मुलकी म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा पास झाले, मग ट्रेनिंग करून नोकरीला लागले. तो काळ असा की 1956 ला राज्यं नवी झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि आमच्या शेजारचा चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडं राहिला. बरेच मराठी मास्तर तिकडं नोकरी मिळते का बघत होते, सगळे सर्क्युलर कन्नडमधून यायला लागलेले. गुरुजी गेले नाहीत. चौथीपर्यंतची एका खोलीची शाळा, सगळे वर्ग एकटेच घ्यायचे, पुढं सातवीपर्यंत झाली ती त्यांच्याच खटपटीनं. पावसाळ्यात आमच्याकडं ओढ्यावरचा साकव वाहून जायचा, मग गुरुजी इरलं घेऊन पलीकडच्या वाडीत जाऊन तिथल्या पोरांना देवळात बसवून शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी अलीकडच्यांना शाळेत. रजा पडली असं कधी नाही.

माझं विचारणं असं आहे. एक, त्यांच्या नोकरीच्या तारखा, बदल्या, शाळा कधी वाढली हे पक्कं कुठनं मिळेल, घरी तर कागद फार नाहीत, उंदरांनी खाल्ले. दुसरं, गुरुजी मारायचे. चांगले मारायचे. ते लिहायचं का नाही यावरनं आमच्यात दोन गट पडलेत. आणि तिसरं म्हणजे स्मरणिका सोडून अजून काहीतरी कायमचं करायचंय, काही जण म्हणतात वेशीत कमान बांधूया, काही म्हणतात अर्धपुतळा. तुमच्या गावात असं कोणी केलं असेल तर सांगा री, मनापासून विचारतोय.

---

शेरेबुक

मी स्वतः रिटायर हेडमास्तर, बेळगाव ग्रामीणमधला. तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं, कारण लेख सारखेच येतात हे तुम्हाला खटकलं म्हणजे काम अर्धं झालंच म्हणा.

कागदाचं सांगतो. घरी काही नसलं तरी त्यांच्या पेन्शनची ऑर्डर म्हणजे पीपीओ घरच्यांकडं नक्की असणार, काकू फॅमिली पेन्शन घेत असतील तर शंभर टक्के असणार. त्यात नोकरीला लागल्याची आणि रिटायर झाल्याची तारीख पक्की मिळते. त्या वेळी 58 ला रिटायर करायचे, त्यावरनं जन्मसालही ताडता येतं. सर्व्हिस बुक बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला असतं, जुनं असेल तर मिळेलच असं नाही खरं घरच्यांनी अर्ज दिला तर बघायला मिळतं, बदल्या आणि वेतनवाढी सगळ्या त्यात.

पण खरा खजिना शाळेत आहे. जनरल रजिस्टर. प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कधी घातलं, कधी काढलं आणि का काढलं. हे रजिस्टर फेकायचं नसतं, कायम जपायचं रेकॉर्ड आहे, त्यामुळं शाळा सुरू झाल्यापासूनचं असायला पाहिजे. गुरुजींच्या अक्षरातली पानं कुठनं सुरू होतात आणि कुठं संपतात तेवढं बघितलं तरी त्यांचं आयुष्य समोर येतं. त्याच्या जोडीला शेरेबुक, इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले की त्यात शेरा लिहायचे, चौथीचे इतके पोर वाचतात, गणित कच्चं, बाग चांगली राखली आहे वगैरे. आपल्याला स्तुती करायची गरजच पडत नाही, बाहेरच्या माणसानं त्याच दिवशी लिहून ठेवलेलं असतं. आत्ताच्या हेडमास्तरांना रीतसर अर्ज द्या, एसडीएमसीच्या म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्षांना बरोबर घ्या, आणि रजिस्टर घरी न्यायचं नाही, तिथंच उजेडात ठेवून मोबाईलवर फोटो काढायचे. एक मात्र सांभाळा. त्यात जात, जन्मतारीख सगळं असतं. दुसऱ्याची पानं स्मरणिकेत किंवा व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

आणि लेख मागताना "गुरुजी कसे होते" असं विचारू नका, "गुरुजींनी तुझं काय केलं" असं विचारा. मग बघा काय येतंय.

---

अनगोळची_लेक

मी शिक्षकाची मुलगी आहे म्हणून एक गोष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये काकू कुठं आहेत? एका खोलीची शाळा, पलीकडच्या वाडीची पोरं, पावसात अडकलेली पोरं, ती जेवली कुठं? माझ्या वडिलांकडं सातवीच्या परीक्षेआधी चार दोन पोरं घरातच झोपायला असायची, आणि आई पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची, आमच्या वाटणीचं दूध त्यांच्या चहात जायचं. वडिलांचा सत्कार झाला तेव्हा शाल वडिलांना आणि आईला नुसती ओटी. आईनं कधी तक्रार केली नाही खरं मला ते अजून लागतं.

भाऊराव पाटलांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडणारा माणूस (आणि ते किर्लोस्कर आपल्या बेळगावचेच, सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेले), त्यांनी 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, मग 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. पण बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दिलं. त्यांचं नाव निघाल्याशिवाय रयतची गोष्ट पुरी होत नाही. तुमच्या काकू हयात असतील तर आजच जा, मोबाईल मांडीवर ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. गुरुजींबद्दल विचारू नका, त्यांच्या स्वतःच्या दिवसाबद्दल विचारा, किती वाजता उठायच्या, पाणी कुठनं आणायच्या, पगार उशिरा झाला की उधारी कुठल्या दुकानात. गुरुजी त्यातनं आपोआप येतील.

आणि बाईमाणसांनी शिकवलेलं आपल्याकडं लवकर विसरतात म्हणून अजून एक. इंदिरा संत इथंच बेळगावात ट्रेनिंग कॉलेजमध्ये शिकवत होत्या, तिथंच प्रिन्सिपॉल झाल्या, नवरा गेल्यावर तीन मुलं सांभाळून नोकरी केली. 1984 ला साहित्य अकादमी मिळालं, कवयित्री म्हणून सगळं महाराष्ट्र ओळखतं. पण शिक्षिका तयार करणारी शिक्षिका म्हणून त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही.

---

सुभेदार_मच्छे

मी तुमच्याच भागातला हाय. मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर होऊन मच्छेला घर बांधलंय. तुम्ही नाव टाकलं नाही तरी इरलं आणि साकव वाचून मला कळालं कुठल्या गुरुजींबद्दल बोलूलालाय, आणि नसले ते तरी माझे गुरुजी तसेच होते म्हणून लिहितो.

आमच्या पट्ट्यातली घरटी एक पोरगा फौजेत नाहीतर गोव्याला. बायका घरी, लिहायवाचायला कुणाला येत नव्हतं. पत्र आलं की गुरुजींकडं. शाळा सुटल्यावर कट्ट्यावर बसून वाचून दाखवायचे आणि उत्तर पण तेच लिहायचे. माझी आई सांगायची, ते वाचताना आवाज बारीक करायचे, दुसऱ्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि वाईट बातमी असली तर आधी विचारायचे घरात कोण आहे, दीर आहे का सासरा आहे का, त्याला बोलवून मगच वाचायचे. गावातल्या प्रत्येक घरातलं गुपित त्या माणसाला माहीत होतं आणि एक शब्द कधी बाहेर गेला नाही.

दुसरं जन्मतारखेचं. आमच्या वयाच्या लोकांची जन्मतारीख बघा, सगळ्यांची 1 जून. शाळेत घालायला बाप न्यायचा, तारीख कुणाला माहीत नाही, मास्तर 1 जून टाकून मोकळा. आमच्या गुरुजींनी असं केलं नाही. ते आईला विचारायचे. पोर झालं तेव्हा भात लावणी होती का कापणी, लक्ष्मीची यात्रा झाली त्याच्या आधी का मागनं, शिमगा किती दिवसांवर होता, अमावास्या जवळ होती का. मग जुनी पंचांगं काढून बसायचे आणि तारीख काढायचे. भरतीला गेलो तेव्हा माझं वय बरोबर बसलं. माझ्याबरोबर दुसऱ्या गावचा दोस्त होता, धिप्पाड गडी, पळण्यात पहिला, त्याच्या दाखल्यावर अंदाजानं टाकलेली तारीख होती आणि वय जास्त निघालं, तिथनंच परत पाठवला. तो अजून शेतात राबतोय. एका तारखेत माणसाचं आयुष्य जातंय हो, आणि ते आमच्या गुरुजींना तेव्हा कळत होतं.

---

पाटी_पेन्सिल

मारण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. मी चिकोडी तालुक्यातला, आमचे मास्तर पण मारायचे, ओल्या निरगुडीचा फोक. माझ्या धाकट्या भावानं त्या भीतीनं तिसरीत शाळा सोडली, परत गेला नाही. आज तो लोकांच्या उसाच्या टोळीत आहे आणि मी बँकेत. त्याच मास्तरांचा सत्कार होता तेव्हा मी स्टेजवर होतो आणि भाऊ मंडपाच्या बाहेर. मास्तर चांगले होते हे खरं आणि भावाचं नुकसान झालं हेही खरं. आता 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात 17 व्या कलमानं मारायला बंदीच आहे, तेव्हा नव्हती, बाप स्वतः सांगून जायचा की हाडं माझी कातडं तुमचं. तेवढं लिहा आणि मारलं हेही लिहा. ज्यांनी शाळा सोडली त्यांना पण एक पान द्या. जी पोरं पुढं गेली तीच स्मरणिका काढतात, त्यामुळं सगळं गोडच निघतं.

---

अनगोळची_लेक

पाटी_पेन्सिल दादा, तुमच्या भावाचं वाचून गलबलून आलं. शंभर टक्के पटलं. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं असं वर हेडमास्तर काका म्हणालेत, तिथनं ती नावं मिळतील.

---

हळ्ळीचा_हुडुग

मी कन्नड मीडियमचा, बैलहोंगलकडचा, मराठी आईकडनं आलंय त्यामुळं चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं शिक्षणाची गोष्ट निघाली की केएलईच्या सप्तर्षींचं नाव निघतं. 1916 ला सात जणांनी, सगळे तरुण शिक्षक, बेळगावात एक शाळा काढली, आज त्याची केवढी मोठी संस्था झालीय. त्यांचे फोटो सगळीकडं आहेत. पण खेड्यातल्या सरकारी शाळेतल्या मेष्ट्रूंचा म्हणजे मास्तरांचा फोटो कुठंच नसतो, कन्नड असू दे नाहीतर मराठी.

मला एक विचारायचं होतं. तुमचे गुरुजी कन्नड शिकवायचे का? कसं शिकवायचे? सीमाभागात याच्यावरनं एवढं भांडण झालंय की मराठी शाळेतल्या मास्तरांनी पोरांना कन्नड कसं दिलं हे कोणी लिहूनच ठेवत नाही, ना तुमच्या बाजूनं ना आमच्या. मला ते वाचायला आवडेल.

---

जांबोटी_फाटा

सगळ्यांचे आभार, किती आणि कसे मानू कळत नाही. शनिवारी शाळेत जाऊन आलो, आत्ताचे हेडमास्तर भला माणूस, त्यांनी कपाट उघडून दिलं. आणि सुभेदार काका, तुम्ही म्हणालात ते खरं आहे हो. गुरुजींच्या आधीची पानं बघितली तर जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून, 1 जून, 1 जून, खाली खालीपर्यंत तेच. मग अक्षर बदलतं. बारीक, उजवीकडं झुकलेलं, आणि तिथनं तारखा पण बदलतात. कुणाची मार्गशीर्षातली, कुणाची ऐन श्रावणातली. काही ठिकाणी समासात पेन्सिलनं बारीक लिहिलेलं आहे, "आजीच्या सांगण्यावरून", "यात्रेनंतर". मी तिथंच खाली बसलो. माझं स्वतःचं पान काढलं तर माझ्या तारखेपुढं "आई नक्की सांगते" असं लिहिलंय. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिची सही कुठं नाही, फोटो एकच आहे, आणि ती गुरुजींसमोर उभी राहून नक्की सांगतेय हे त्या पेन्सिलीनं धरून ठेवलेलं. मी स्मरणिकेचं पहिलं पान यावरच करणार आहे. दुसऱ्यांची नावं झाकून.

शाळा सोडल्याच्या रकान्याचं पण बघितलं, पाटी_पेन्सिल दादा. "गुरे राखणे", "बापाबरोबर गोव्यास", "लग्न" (पाचवीत!), आणि दोन ठिकाणी नुसतं "येत नाही". ती दोन नावं गावातली आहेत. एक जण अजून आहे. त्याला जाऊन भेटलो. तो म्हणाला मला मारलं म्हणून मी पळालो, गुरुजी मागनं घरी आले होते, मी माळ्यावर लपलो, आईनं सांगितलं घरात नाही, गुरुजी बराच वेळ बाहेर बसले आणि गेले. पुढच्या पावसात परत आले तेव्हा मी कामाला लागलो होतो. त्याला विचारलं हे छापू का, तो म्हणाला छाप की, खरंच आहे ते. तर आमच्या गटात आता भांडण मिटलंय, मारायचे हे लिहायचं, आणि याचं पान याच्याच शब्दांत घ्यायचं.

कन्नडचं विचारलंत ते फार बरं केलंत. गुरुजी स्वतः कन्नड नंदगडच्या बाजारात आणि बसच्या कंडक्टरांकडनं शिकलेले. नंतर डिपार्टमेंटची परीक्षा पण दिली. आम्हाला शिकवायला त्यांच्याकडं पुस्तक एक आणि पोरं तीस. मग ते आम्हाला फाट्यावर न्यायचे, बस आली की पाटी वाचायची, आधी कन्नड आकडा, मग गावाचं नाव. खानापूर, बेळगावी, लोंडा. जो आधी वाचेल त्यानं पुढच्याला शिकवायचं. आमच्या कितीतरी पोरांना पहिलं कन्नड अक्षर आलं ते एसटीच्या पाटीवरचं, आणि पुढं रेशनच्या ऑफिसात, तहसीलदारांकडं, कोर्टात ते कामाला आलं. घरी मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही नीट यायला पाहिजे, नाहीतर लोक तुम्हाला दोन्हीकडं फसवतील असं ते म्हणायचे. दहावीला मराठी फर्स्ट लँग्वेज 125 मार्कांची, तिच्यात पण कमी पडायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती, हायस्कूलला गेलेल्या पोरांच्या वह्या पण सुट्टीत बघायचे.

काकूंकडं उद्या जातोय. ताई, तुम्ही बोलला नसता तर खरंच राहून गेलं असतं.

---

निपाणीकर

पुतळा आणि कमानीबद्दल माझं मत देतो. कमान बांधू नका. ट्रॅक्टर लागून खांब पडतो, पंचायत बदलली की बोर्ड बदलतो, आणि पुतळ्याला वर्षातनं एकदा हार.

जे. पी. नाईक हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? आपल्या उशाला, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत 5 सप्टेंबर 1907 ला जन्मलेला माणूस. आपण शिक्षक दिन राधाकृष्णन यांच्या जन्मदिवसाला करतो, त्याच तारखेला. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करण्यात पुढं होते, नंतर 1964 ते 66 च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य सचिव, म्हणजे तो सगळा अहवाल ज्यांच्या हातून गेला ते. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च झाला पाहिजे ही मागणी, आणि वस्तीतल्या सगळ्यांची पोरं, श्रीमंताची पण आणि गरिबाची पण, जवळच्या एकाच शाळेत गेली पाहिजेत ही शिफारस, हे सगळं त्या आयोगाचं. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक, त्यांनी शाळेबाहेर राहिलेल्या पोरांसाठी आणि बायकांसाठी संध्याकाळच्या वर्गांचं काम उभं केलं. युनेस्कोनं जगातल्या शिक्षण विचारवंतांवर लेखमाला काढली त्यात गांधी टागोरांबरोबर नाईकांवर लेख आहे. आणि आपल्या भागातल्या पोराला विचारा, नाव माहीत नाही. पुतळे नाहीत म्हणून नाव गेलं असं कोणी म्हणेल, मी म्हणेन त्यांनी जे मागितलं ते आपण केलं नाही म्हणून गेलं. गावातल्या सधन घरांची पोरं पिवळ्या बसमधनं इंग्लिश मीडियमला जातात आणि सरकारी मराठी शाळेत ज्यांना दुसरा इलाज नाही ती उरतात.

तुमच्या गुरुजींच्या शाळेत आज पट किती आहे ते बघा. पैसे तिथं लावा. पुस्तकांचं कपाट, एक बरा शिक्षक जादा नेमायचा असेल तर त्याचं मानधन, पलीकडच्या वाडीतल्या पोरांना आणायला रिक्षा. शाळाच बंद पडली तर कमानीवर नाव कुणासाठी लिहिणार?

---

बाई_सरकारी_शाळा

मी बेळगाव तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, नाव गाव नको. निपाणीकर काकांच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन. पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात, ते बघून पालक अजून दोन पोरं काढतात. हे चक्र मी डोळ्यांनी बघतेय. अक्षर दासोहमधलं दुपारचं जेवण, दूध, अंडी, पुस्तकं, गणवेश सगळं सरकार देतंय, तरी पालक येत नाहीत कारण त्यांना वाटतं इथं शिकवत नाहीत. म्हणून तुमच्या स्मरणिकेत एक गोष्ट जरूर घाला, गुरुजी नेमकं कसं शिकवायचे. चार वर्ग एका खोलीत असताना वेळ कसा वाटायचे, पहिलीला अक्षर कसं द्यायचे, चौथीच्या पोरांकडनं पहिलीला कसं शिकवून घ्यायचे. बसच्या पाटीचं तुम्ही लिहिलं ते मी सोमवारी लगेच वर्गात करून बघितलं, फाट्यावर नेलं नाही, पण गावात दिसणाऱ्या सगळ्या कन्नड पाट्या उतरवून आणायला सांगितल्या. पोरं दुकानाच्या, दवाखान्याच्या, दूध डेअरीच्या पाट्या लिहून घेऊन आली आणि अर्धा दिवस त्यातच गेला. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पुष्कळ सांगतात, पण आपल्याच भागातल्या, आपल्यासारख्याच खोलीत शिकवलेल्या माणसाचं असं हाताशी येणारं काही मिळत नाही. ते छापलंत तर मला दहा प्रती पाहिजेत, पैसे देऊन.

---

शेरेबुक

बाई, तुम्ही लाखातलं बोललात. जांबोटी_फाटा, संचयिकेचं पण विचारा जुन्या पोरांना. त्या काळी शाळाशाळांत संचयिका होती, पोरं पाच दहा पैसे आणून ठेवायची, हिशोब पोरंच लिहायची, मास्तर तपासायचे. व्यवहारी गणित तिथं पक्कं व्हायचं. एखादं जुनं पासबुक कुणाच्या ट्रंकेत सापडलं तर त्याचा फोटो घ्या. आणि छापून झाल्यावर एक प्रत बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्या, एक शाळेच्या कपाटात रजिस्टरच्या शेजारी ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूरला मराठी साहित्य संमेलनं होतात तिथं स्टॉल असतात, तिथंही ठेवा. शिक्षक मंडळी तिथं हमखास येतात.

---

जांबोटी_फाटा

काकूंकडं जाऊन आलो. ताई, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. काकू आधी म्हणाल्या माझं काय विचारतोस, मी काय केलंय. मग पाण्याचं विचारल्यावर बोलायला लागल्या त्या दिवे लागेपर्यंत. पावसात अडकलेल्या पोरांना नाचणीची आंबील करून घालायच्या, पोरांचे कपडे चुलीवर वाळवायच्या, आणि पोरींना शाळेत पाठवत नाहीत त्या घरी गुरुजी जायचे नाहीत, काकू जायच्या, भांडी घासायला बसलेल्या आईशेजारी बसून भांडी घासायला लागायच्या आणि घासता घासता पोरीचं बोलायच्या. आमच्या गावातली पहिली सातवी पास झालेली पोरगी तशी शाळेत आलेली आहे, ती आता खानापूरला अंगणवाडी सुपरवायझर. तिला फोन केलाय, ती लिहून देतेय. स्मरणिकेवर आता दोघांचीही नावं जाणार, घरच्यांनी होय म्हटलंय.

कमान रद्द झाली. काल मीटिंगमध्ये मी निपाणीकर आणि बाईंची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली, पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग गोव्यावाल्या पोरांनीच म्हटलं वाडीतल्या पोरांच्या रिक्षाचे पैसे आम्ही देतो. पुस्तकांचं कपाट पुण्याच्या ग्रुपकडं. बाई, तुमच्या दहा प्रती धरल्या आहेत, पैसे नकोत, त्याऐवजी पाट्यांच्या धड्यात काय झालं ते दोन पानं लिहून द्या, गुरुजींच्या शिकवण्याच्या भागाला जोडून छापतो. कसं शिकवायचे ते सांगणारी सहा सात माणसं हेरली आहेत, एकेकाकडं जाऊन रेकॉर्डिंग करायचं काम सुरू आहे.

आता एक मदत पाहिजे. गुरुजी रिटायर झाले त्या दिवशीचा ग्रुप फोटो काढला होता, शाळेच्या पायरीवर, ब्लॅक अँड व्हाईट, जांबोटीच्या फोटोवाल्याला बोलवलं होतं. शाळेतली प्रत वाळवीनं खाल्ली, फोटोवाला दुकान बंद करून गेला. सुभेदार काका, तुमच्या बॅचच्या घरी कुणाकडं भिंतीवर असेल तर विचाराल का? फोटो काचेतनं काढू नका, चिकटलेला असेल तर फाटेल, मी स्वतः येऊन तिथंच कॉपी करून घेतो. गावातलं, वाडीतलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी पण घरात बघा. लेख पाठवायची शेवटची तारीख दिवाळीचा पाडवा.

---

सुभेदार_मच्छे

माझ्याकडं नाही खरं माझ्या चुलतभावाच्या घरात देवघराच्या वर लावलेला बघितल्याचं आठवतंय. रविवारी जातो आणि कळवतो.